दारातून परतलेले पाहुणे

१

तुर्सुनायने स्वतःच्या हाताने चहा ओतला, तेव्हाच अनारकानला कळलं की या घरात काहीतरी बिनसलं आहे.

किर्गिझस्तानातल्या काराकोलमध्ये घरात सून असताना सासू किटलीला हात लावत नाही. सून ओतते, आणि पियाल्याच्या तळाशी घोटभरच ओतते. घोटभर म्हणजे बसा, पुन्हा मागा, तुम्ही आम्हाला हवे आहात. त्या शुक्रवारी सकाळी तुर्सुनायने सुनेच्या हातातून किटली काढून घेतली, सुनेचाच पियाला पुढे ओढला आणि काठोकाठ भरला. चहा ओघळून पांढऱ्या कापडावर सांडला.

"घे. पी आता."

बेगायिमने मान खाली घातली. तिला या घरात येऊन चार वर्षं झाली होती. नवरा दूर रशियात ट्रक चालवायचा आणि इथे सात खोल्यांचं पाहुणेघर ती आणि तिची सासू सांभाळायच्या. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता. प्या, उठा आणि चालू लागा.

शेजारच्या घरातून जर्दाळूचा मुरंबा द्यायला म्हणून आलेली अनारकान वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. पंचाहत्तर वर्षांची होती ती. चौतीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसली होती, आणि तुर्सुनाय ही तिथल्या मैत्रिणीची मुलगी. लहानपणी एक्स्चेंजच्या टेबलाखाली झोपायची. त्यामुळे हिला खडसावायचा हक्क अजून आपल्याला आहे, असं अनारकान धरून चालत असे.

"कशाचा राग त्या चहावर काढतेस?"

"बसा आपा. तुम्हीच न्याय करा," तुर्सुनाय म्हणाली. "जुलै चालू आहे ना? माझ्या सात खोल्यांतल्या सहा रिकाम्या. मागच्या वर्षी या दिवसांत मी लोकांना बागेत तंबू ठोकून दिले होते. आणि तिकडे दोन गल्ल्या सोडून हिच्या आईच्या घरी जाऊन बघा. दोरीवर सहा देशांचे पायमोजे वाळतायत."

"मग?"

"मग काय. पाहुणे चोरीला गेलेत माझे. आणि चोर माझ्याच घरात भाकरी थापतोय."

"एने, मी नाही..." बेगायिमच्या तोंडून सासूसाठीची हाक कशीबशी निघाली.

"तू गप्प बस. आपा, हे वाचा." तुर्सुनायने सुनेचाच फोन पुढे सरकवला. डेन्मार्कचा तो म्हातारा मास्तर, मोगेन्स, नऊ उन्हाळे याच घरात उतरलेला. त्याने विचारलं होतं: *मग मी कुठे राहू?* आणि खाली बेगायिमचं उत्तर होतं. तिच्या आईच्या घराचा पत्ता.

"रविवारी हिच्या आईला बोलावलंय," तुर्सुनाय म्हणाली. "लेक घेऊन जा म्हणून."

२

अनारकानला दोन दिवस मिळाले होते आणि त्यातला अर्धा दिवस एर्मेकने खाल्ला.

एर्मेक म्हणजे तुर्सुनायच्या भावाचा मुलगा. चौतिशीचा, उंच, बोलताना खांदे मागे टाकणारा. गावातल्या दाखल्यांच्या कचेरीत संगणकावर काम करायचा. मार्च महिन्यात त्याने आत्याच्या पाहुणेघराची जुनी वेबसाइट मोडीत काढून नवी बांधून दिली होती. जुनीवर होतं काय? घराचा एक फोटो, एक फोन नंबर, एक पत्ता. "भिकाऱ्याच्या पाटीसारखी," असं तो म्हणायचा.

"नवी दाखव," अनारकान म्हणाली.

त्याने बागेतल्या टेबलावर संगणक उघडला. काही काळ पडदा काळाच राहिला. मग एक गोल फिरू लागलं. अनारकानने तळलेल्या बोर्सोकचे दोन तुकडे खाल्ले, तरी गोल फिरतच होतं.

"हे काय करतंय?"

"गरुड येतोय आपा."

गरुड आला. डोंगरावरून, पंख पसरून, आणि त्याच क्षणी कोमुझची तार इतक्या मोठ्याने झणझणली की कोंबड्या पळाल्या. अनारकानने छातीवर हात ठेवला. कोमुझ तिला आवडायचा. पण मैफलीत आपण आपल्या पायांनी जातो. दार उघडल्याउघडल्या कुणी कानात वाजवलं, तर माणूस वाद्यावरही चिडतो आणि वाजवणाऱ्यावरही.

"बंद कर ते."

"बंद होत नाही. मुद्दामच तसं केलंय. वातावरण तयार होतं."

"खोल्या कुठे आहेत?"

"इथे, या तीन रेघांवर बोट ठेवायचं."

"या रेघा? मला वाटलं पडद्यावर ओरखडा पडलाय. आणि अक्षरं पांढरी का? बर्फावर पांढरी अक्षरं कोण वाचणार?"

"सुबक दिसतं."

मध्येच एक चौकोन उडी मारून पुढे आला: *आमच्याशी बोलायचंय का?* एर्मेकने तो बंद केला. पाठोपाठ दुसरा आला: *आमची बातमीपत्रं हवीत का?* तोही बंद केला. पहिला परत आला. फोन नंबर शोधला तर तो गरुडाच्या चित्रातच कोरलेला, बोटाने धरता येईना की उचलता येईना. अनारकानच्या कपाळाची शीर ठणकायला लागली. एक्स्चेंजमध्ये असताना एका वाक्यात सगळं व्हायचं. 'बोला, कोण हवंय?' तीन शब्द. समोरच्याला जे हवं ते मिळायचं, आणि तो सुखाने जायचा.

"अरे एर्मेक, माणूस खोली मागायला आलाय. तू त्याला दारात उभा करून ढोल वाजवतोस, वरून विचारतोस गप्पा मारायच्यात का."

"आपा, तुमच्या काळात नव्हतं हे," तो हसत म्हणाला. "ते सोडा, आकडे बघा. आकडे खोटं बोलत नाहीत. काल त्रेचाळीस माणसं आली या साइटवर. त्यातली एकोणतीस खोली मागायच्या फॉर्मपर्यंत पोचली. गरुडाने कुणाला पळवलेलं नाही."

अनारकानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एकोणतीस फॉर्मपर्यंत गेली. आणि फॉर्म भरून पाठवला किती जणांनी?"

एर्मेकचे खांदे जरा पुढे आले.

"काल... कुणीच नाही."

"परवा?"

"एकाने."

"म्हणजे रोज एकोणतीस माणसं तुझा गरुड सोसून, तुझा कोमुझ सोसून दारापर्यंत येतात," अनारकान म्हणाली, "कडीला हात लावतात, आणि परत जातात."

"फॉर्म चालतो," एर्मेक चिडून म्हणाला. "मी दहादा भरून पाहिला. आत्याने भरला, माझ्या बायकोने भरला, कचेरीतल्या चौघांनी भरला. दर वेळी व्यवस्थित गेला. फॉर्मात खोट नाही. खोट घरात आहे."

३

स्वयंपाकघरात बेगायिम कणीक मळत होती. जरुरीपेक्षा जास्त मळत होती.

"खरं सांग मला," अनारकान स्टुलावर बसत म्हणाली. "पत्ता दिलास ना मोगेन्सला?"

"दिला, चोन आपा." मोठी आजी म्हणायची ती अनारकानला.

"का?"

"दोनदा त्यांना लिहिलं, घर चालू आहे, साइटवरून खोली मागा. एनेचा हुकूम होता, फोनवर कुणाला खोली द्यायची नाही, सगळं साइटवरूनच व्हायला हवं. ते म्हणाले, जमत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, मग मी कुठे राहू. सत्तर वर्षांचा माणूस, बिश्केकहून गाडीत बसला होता. त्यांना काय रस्त्यावर झोपा म्हणू?"

"आणि बाकीचे? ते पायमोजेवाले?"

"त्यांना मी ओळखतसुद्धा नाही."

"सासूला सांगितलं नाहीस, साइट जमत नाही म्हणतायत म्हणून?"

बेगायिमने कणकेवर मूठ मारली. "एकदा सांगितलं, मे महिन्यात. त्या म्हणाल्या, माझ्या भाच्याचं काम तुला कळणार का? मग मी 'उंच दादां'ना विचारायला गेले..."

उंच दादा म्हणजे एर्मेक. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव सुनेने उच्चारायचं नसतं, म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, सुनेने चहाचा समोवर बघावा." ती थांबली. "चोन आपा, ज्याचं नावही घ्यायचं नाही त्याच्या कामात चूक कशी काढायची?"

अनारकानला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना. तुर्सुनायचा, एर्मेकचा, आणि थोडा या मुलीचाही. एवढी हुशार मुलगी, आणि दोन महिने कणकेवर मुठी मारत बसली.

"पाठवलेले फॉर्म कुठे येतात?"

"त्या खोक्यातून चिठ्ठी छापून येते. मी खिळ्याला लावते."

भिंतीवरच्या खिळ्याला या हंगामातल्या सगळ्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. अकरा. मागच्या वर्षी याच खिळ्याला जागा पुरत नव्हती. अनारकानने त्या काढून ओट्यावर पसरल्या.

सहा रशियन नावं होती, नोवोसिबिर्स्क, ओम्स्क वगैरे ठिकाणची. दोन चिठ्ठ्या अल्माटीच्या कझाक कुटुंबांच्या. एक बल्गेरियन जोडपं, दिमित्रोव पेतर इवानोव. एक हिंदुस्तानातल्या पुण्याचं जोडपं, आगाशे मुकुंद सदाशिव.

"हे चांगले होते," बेगायिम म्हणाली. "मांस खात नव्हते. एनेला तीन दिवस सुचेना काय रांधावं. जाताना आजींनी मला लोणच्याची बाटली दिली, अजून उघडायची हिंमत झाली नाही."

अकरावी चिठ्ठी एका फ्रेंच बाईची होती. मोरेल क्लेअर क्लेअर.

"नाव दोनदा का?"

"काय माहीत. विसराळू असेल. वहीत सही करताना मात्र एकदाच लिहिलं होतं."

अनारकानने चिठ्ठ्या पुन्हा खिळ्याला लावल्या. एक गोष्ट तिला उमगली होती, आणि त्यामुळे तिची चीड आणखीच वाढली. चिठ्ठी छापून आल्याशिवाय या पोरीला कोण येणार होतं हे कळतच नव्हतं. एक्स्चेंजच्या फळीवर दिवा लागला तर बसलेली मुलगी तार चुकीच्या भोकात खुपसू शकते. पण दिवा लागलाच नाही तर ती चोरणार काय? एकोणतीस माणसं रोज परत जात होती ती हिच्या हाताला लागण्याच्या आधीच.

म्हणजे पाहुणे चोरीला गेले नव्हते. कुणीतरी त्यांना हाकलत होतं.

४

बेगायिमची आई सोनुन मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची बाई. अनारकानला बघून तिने आधी मिठी मारली आणि मग भांडायला सुरुवात केली.

"माझी लेक चोर? सांगा तुमच्या तुर्सुनायला, मी साइटबिट काही बांधलेली नाही. माझ्या भाचीने एक पान केलंय. घराचा फोटो, खोल्या किती, एका रात्रीचे किती सोम, फोन नंबर. संपलं. तरी लोक येतात. त्यात माझा काय गुन्हा?"

"गुन्हा कुणी म्हटलं नाही. मास्तर कुठेयत?"

मोगेन्स सफरचंदाच्या झाडाखाली बसून बूट पुसत होता. त्याची रशियन भाषा जुन्या वाचनपुस्तकातून शिकलेली होती, त्यामुळे तो नेहमी प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा बोलायचा. अनारकानला बघून तो उठला आणि लाजला.

"आदरणीय अनारकान आपा, तुर्सुनाय माझ्यावर रागावल्या आहेत का?"

"कशाला रागावेल?"

"मागच्या वर्षी माझ्या हातून त्यांची निळी किटली फुटली. मी नवी पाठवली होती. कदाचित ती त्यांना आवडली नसावी."

"मास्तर, किटलीचं सोडा. तुम्ही खोली का मागितली नाही?"

"मागितली," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "तीन वेळा. सगळं लिहिलं. नाव, देश, पारपत्राचा क्रमांक, कुठल्या दिवशी येणार, काय खातो, काय खात नाही. खूप मोठा फॉर्म आहे. मग बटण दाबलं. लाल अक्षरं आली आणि मी लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. माझी बोटं आता लवकर चालत नाहीत. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी पडदा मिटला."

"काय होतं त्या लाल अक्षरांत?"

म्हाताऱ्याने बूट खाली ठेवला.

"'आपण अपूर्ण आहात.'"

"म्हणजे माहिती अपूर्ण आहे, असं?"

"तसं असेल. पण इंग्रजीत लिहिलं होतं ते एवढंच: आपण अपूर्ण आहात. काय अपूर्ण आहे ते नव्हतं सांगितलं. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, आपा. मुलाची वही परत करताना चूक कुठे आहे तिथे मी खूण करत असे."

आत दोरीखाली दोन कोरियन मुली आणि एक हडकुळा डच मुलगा बसले होते. त्यांनाही सोनुनच्या भाचीने विचारलं. तिघांनी तोंडं वाकडी केली. तिघांनीही आधी तुर्सुनायच्या घरासाठी प्रयत्न केला होता. तिघेही अपूर्ण निघाले होते.

५

शनिवारी अनारकान घराबाहेर पडली नाही. ओसरीवर बसून जर्दाळूच्या बिया फोडत राहिली आणि प्रत्येक बीबरोबर कुणाला तरी शिव्या देत राहिली.

गरुड गुन्हेगार नव्हता. कोमुझ, चौकोन, पांढरी अक्षरं, सगळे त्रासदायक, सगळे चार फटक्यांना लायक, पण गुन्हेगार नव्हेत. कारण त्यांचा त्रास सगळ्यांना सारखाच होता. ओम्स्कच्या बाईला जेवढा तेवढाच मोगेन्सला. तरी ओम्स्कची बाई येऊन, राहून, मुरंबा घेऊन गेली. फॉर्म लांबलचक होता, पण तोही सगळ्यांनाच लांब. मग कुठली अशी चाळण होती, जिच्यातून रशियन पडत होते, कझाक पडत होते, बल्गेरियाचे नि पुण्याचे पडत होते, आणि डेन्मार्क, कोरिया, हॉलंड वर अडकत होते?

भाषा? पुण्याच्या आजोबांना रशियन येत नव्हती. त्यांनी इंग्रजीतच भरला होता. पैसा, धर्म, वय? काहीच जुळेना. आणि ती फ्रेंच बाई कशी निसटली, एकटी?

मोरेल क्लेअर क्लेअर.

अनारकानच्या हातातला दगड थांबला.

अनारकान एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एक्स्चेंजमध्ये जागा निघाली होती आणि तिच्या आवाजावर साहेब खूश होते. खिडकीपलीकडच्या बाईने फॉर्म तीन वेळा परत केला होता. कुठे चुकलं ते न सांगता नुसता बाहेर ढकलायची. 'अर्धवट आहे, नीट भरून आण.' अनारकान जिन्यात बसून पुन्हा पुन्हा वाचायची. सगळं भरलेलं होतं. एकच रकाना सोडून, आणि तो भरायला तिच्याकडे काही नव्हतं. आईने ते कधी सांगितलं नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. शेवटी शेजारचा म्हातारा जुमाबाय, घोड्यांना नाल मारणारा, तिच्याजवळ पायरीवर बसला. 'माझं लिही,' तो म्हणाला. 'मला कोण विचारतंय.'

बियांची पाटी तशीच टाकून ती उठली आणि कुंपणावरून तुर्सुनायला हाक मारली.

"उद्या एर्मेकलाही बोलाव. त्याचं ते यंत्र घेऊन येऊ दे."

"कशाला?"

"तुझा चोर दाखवते."

६

रविवारी दुपारी बागेतल्या टेबलाभोवती सगळे बसले. एका बाजूला सोनुन, हात छातीवर बांधून. दुसऱ्या बाजूला तुर्सुनाय, तशीच. मध्ये मोगेन्स, काही कळत नसल्यामुळे दोघींकडे आळीपाळीने नम्रपणे हसणारा. बेगायिम दारात उभी होती. तिच्या पायाशी बांधलेलं बोचकं होतं.

"ते आत ठेव," अनारकान म्हणाली.

"राहू दे तिथेच," तुर्सुनाय म्हणाली. "आधी कळू दे."

"बरं. एर्मेक, फॉर्म उघड. कोमुझ वाजला तर मी हे यंत्र विहिरीत टाकेन."

एर्मेकने आवाज दाबायला उशी वापरली.

"आता तू मास्तरांसाठी खोली माग. ते सांगतील, तू भर. तुझी बोटं, तुझं यंत्र, तुझा फॉर्म. मग तर तक्रार नाही ना?"

"आपा, हा पोरखेळ आहे."

"असेल. भर."

एर्मेकने सुस्कारा टाकून विचारलं, "आडनाव?"

"स्कोव."

"नाव?"

"मोगेन्स."

"वडिलांचं नाव?"

म्हाताऱ्याने भुवया उचलल्या. "वडिलांचं? ते येणार नाहीत. ते वारले. त्यांना खोली नको."

सोनुनला हसू आवरेना. एर्मेक मात्र हसला नाही.

"तसं नव्हे. तुमच्या नावापुढे लावायचं वडिलांचं नाव. कागदपत्रांत असतं ते."

"माझ्या कागदपत्रांत नाही. आमच्याकडे कुणाच्याच नसतं." मोगेन्स पुढे वाकून पडद्याकडे पाहू लागला. "अच्छा, ते हे होतं? इथे इंग्रजीत एक भलामोठा शब्द आहे. मला वाटलं, एखादी पदवी असेल. माझ्याकडे पदवी नाही, म्हणून मी प्रामाणिकपणे रिकामं सोडलं."

"तूही रिकामं सोड," अनारकान एर्मेकला म्हणाली. "बाकी सगळं भर. पारपत्र, तारखा, काय खातात ते. सगळं."

तो भरत राहिला. बराच वेळ लागला. शेवटी त्याने बटण दाबलं.

लाल अक्षरं आली आणि पान कोरं झालं.

"आता पुन्हा भर," अनारकान म्हणाली.

एर्मेकने हात मांडीवर ठेवले.

"भर की. मास्तरांनी तीनदा भरला."

"आपा, हा फॉर्म..." त्याने घसा साफ केला. "हा मी कचेरीतून उचलला. दाखल्यांसाठी तिथे केलेला होताच, म्हटलं पुन्हा कशाला बांधा. तिथे आडनाव, नाव, वडिलांचं नाव, तिन्ही सक्तीचे. एक जरी रिकामं राहिलं तरी तो घेत नाही. कचेरीत तसंच हवं असतं."

"आणि तू दहादा भरून पाहिलास."

"दर वेळी गेला."

"जाणारच. तुला वडील आहेत. तुझ्या आत्याला होते, तुझ्या बायकोला आहेत, कचेरीतल्या चौघांना आहेत. आपल्यापैकी कुणाला तो रकाना दिसलाच नाही, कारण आपला हात तिथे आपोआप चालतो. रशियनांचा चालतो, कझाकांचा चालतो, बल्गेरियनांचा चालतो, त्या पुण्याच्या आजोबांचाही चालला. नावातच बाप घेऊन फिरणारे आत आले, बाकीची दुनिया दारातून परत गेली. एक ती फ्रेंच बाई चलाख. तिने रिकाम्या रकान्यात स्वतःचंच नाव पुन्हा कोंबलं आणि कडी उघडली."

तुर्सुनाय पडद्याकडे बघत होती. "म्हणजे मार्चपासून..."

"मार्चपासून तुझं दार रोज पंचवीसतीस माणसांना सांगतंय, तुम्ही अपूर्ण आहात. वर तुझा हुकूम, की दुसऱ्या दारातून कुणाला घ्यायचं नाही. आणि चोर म्हणून कुणाला धरलंस? त्यातल्या एका म्हाताऱ्याला ज्या मुलीने रस्त्यावर झोपू दिलं नाही, तिला."

"मला सांगायचं तरी," तुर्सुनाय पुटपुटली.

"सांगितलं होतं तिने. मे महिन्यात. तू काय म्हणालीस, आठव."

एर्मेक खाली बघत म्हणाला, "मीही काहीतरी म्हणालो होतो. समोवरचं." मग त्याने मान वर केली. "पण आपा, तुम्हाला हे सुचलं कसं? यंत्राला तर तुम्ही हातही लावत नाही."

छप्पन्न वर्षं अनारकानने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुर्सुनायच्या आईलाही नाही, जी बारा वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"मी जुमाबायची मुलगी म्हणून लागले एक्स्चेंजला," ती म्हणाली. "जुमाबाय शेजारचे नालवाले होते. माझ्या बापाचं नाव मला आजही माहीत नाही. तो रकाना रिकामा असला की खिडकीपलीकडची माणसं कसं बघतात, ते कळायला यंत्र बघावं लागत नाही मला."

सोनुनने बांधलेले हात सोडले.

एर्मेकने संगणक स्वतःकडे वळवला. "हे काढायला दोन मिनिटं लागतील."

"काढ. आणि चूक झाली तर कुठे झाली ते लिहून येऊ दे. लिहिलेलं पुसायचं नाही. फोन नंबर चित्रातून बाहेर काढ."

"आणि गरुड?"

"गरुडाला डोंगरावर जाऊ दे."

एर्मेकने उशीवर हात ठेवला. "कोमुझ तरी राहू दे, आपा. वाटलं तर बटण देतो, ज्याला हवा त्याने दाबावं."

अनारकानला ते मान्य करावं लागलं, पण तोंड वाकडं करूनच.

बेगायिम सवयीने किटली घ्यायला पुढे आली होती. तुर्सुनायने तिचा हात बाजूला केला आणि किटली स्वतः उचलली. सोनुन पुढे वाकली. अनारकानही सरसावून बसली.

तुर्सुनायने सुनेचा पियाला पुढे ओढला. बराच वेळ किटली नुसतीच वाकवून धरली, चहा येत नसल्यासारखी. मग ओतला. घोटभर. पियाल्याचा तळ जेमतेम झाकला जाईल इतकाच.

"बस," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "संपला की माग."

बेगायिम बसली. बोचकं दारातच होतं. मोगेन्सने उठून ते उचललं आणि अगदी काळजीपूर्वक, जणू आत काचेचं सामान असावं तसं, घरात नेऊन ठेवलं.